कंपायलरला लावलेलं कुंकू

तपकिरी, गुळगुळीत, किंचित चमकणारी चकती. तिला झाकणारं काळं चौकोनी पाकीट. त्या पाकिटाला मुद्दाम ठेवलेली बोटभर लांबीची उघडी खिडकी — आणि त्या खिडकीत, नेमका उघड्या चकतीवर, अंगठ्यानं दाबून लावलेला ओल्या कुंकवाचा टिळा. त्याला चिकटलेले अक्षतांचे दोन दाणे. बाजूला झेंडूची एक पाकळी. डोळे मिटले की आजही मला आधी हे दिसतं, आणि मग तो टिळा लावणारा अंगठा दिसतो. नखाच्या कडेला खडूची पांढरी रेघ असलेला तो अंगठा माझा नव्हता. सांगायचं आहे ते एवढंच. पण नीट कळावं म्हणून थोडं मागून सुरू करते.

अकोल्यात, जठारपेठेतल्या दोन खोल्यांत आमचं घर होतं. बाबा एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. हंगाम सुरू झाला की संध्याकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्याआधी सरकीचा तेलकट, गोडसर वास दारातून आत येई. त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, पेनच्या टोपणावरसुद्धा रुईचे बारीक तंतू बसलेले असत आणि आई त्यांना अंगणातच उभं करून टॉवेलनं झटकून काढायची. मी नववीत जाणार होते त्या उन्हाळ्यात मालकांनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना बाबांना देऊन टाकला. भर दुपारी, डांबर टायरला चिकटत असताना, तो सायकलरिक्षातून चादरीत गुंडाळून आमच्या घरी आला. हिरव्या अक्षरांचा पडदा, दोन फ्लॉपी ड्राइव्ह, म्हणजे तसल्या चकत्या घालायच्या खाचा, आणि आत साठवणीची जागा काहीच नाही. बटण दाबलं की आधी तापलेल्या धुळीचा वास यायचा, मग कापूस पिंजल्यासारखा आवाज, मग तो तारीख विचारी, वेळ विचारी, आणि ‘ए’ या एका अक्षरापुढे उघडझाप करत थांबून राही... काहीतरी सांगा म्हणून. सांगायचं काय ते मला माहीत होतं. सांगायचं कशानं, ते माहीत नव्हतं.

माझ्या वहीत सहाशे ओळींचा प्रोग्राम तयार होता. याद्या करायची सवय मला लहानपणापासूनची. तीन रविवार मी अकोल्याच्या बसस्टँडवर उभं राहून प्रत्येक गाडीची वेळ उतरवून घेतली होती. बार्शीटाकळीला आमची शेती होती, काका ती करत, त्यामुळे तिकडच्या गाड्या मला पाठच होत्या. गावाचं नाव टाकलं की पुढची गाडी केव्हा आहे ते सांगणारा असा तो प्रोग्राम. आमच्या शाळेनं तो अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नोंदवला होता आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तो तिथे चालवून दाखवायचा होता. पण वहीतल्या ओळी यंत्राला कळत नाहीत. त्या एका वेगळ्या प्रोग्राममधून काढाव्या लागतात. शेतातला कापूस जिनमध्ये घालून सरकी आणि रुई वेगळी करून घेतात तसंच काहीसं. त्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. एकदा त्यातून काढून घेतलं की मग आपला प्रोग्राम कोणत्याही तसल्या यंत्रावर चालतं. तो एकदाच मिळाला असता तरी मला पुरला असता.

अकोल्यात मला माहीत असलेला एकच कंपायलर होता, आणि तो सरांच्या कपाटात होता.

सरांचं नाव मी लिहीत नाही. नाव छापून यायची त्यांना फार हौस होती. ती माझ्या हातून पुरी होणार नाही. घरापासून दोन गल्ल्यांवर त्यांचे कॉम्प्युटरचे वर्ग चालायचे. चपला बाहेर काढून, पाय पुसून आत जावं लागे. आत वाळ्याच्या पडद्यांचा ओला सुगंध, चार यंत्रांवर शिवून घेतलेले रेक्झिनचे अभ्रे, आणि समोर काचेचं कपाट. काचेतून फ्लॉप्या दिसत, पण किल्ली सरांच्या जानव्याला. हो, जानव्याला. प्रत्येक वेळी ते शर्टाचं वरचं बटण काढत, किल्ली बाहेर ओढत, कुलूप उघडत, फ्लॉपी दोन बोटांत धरून स्वतः ड्राइव्हमध्ये घालत आणि काम झालं की स्वतःच काढून घेत. मी एकदा विचारलं होतं, “सर, याची एक कॉपी मले देसान का? घरी यंत्र हाये माह्याजवळ.”

“तुह्या घरी?” सर म्हणाले. “सरकीच्या पोत्यावर ठेवलं का त्याले?”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. हसले, ही गोष्ट मी स्वतःला अजून माफ केलेली नाही.

दसऱ्याची सकाळ. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारा-अवजारांची पूजा असते. काका विळे, वखराच्या पासा आणि विहिरीवरची मोटर पुजायचे, बाबांच्या फॅक्टरीत जिनांना हार पडायचे. सरांनी यंत्रं पुजायचं ठरवलं. आम्ही आठ-दहा मुलंमुली नवे कपडे घालून जमलो होतो. खोलीभर उदबत्तीचा धूर, उंबऱ्यावर झेंडूची तोरणं, बाहेर ऑक्टोबरचं पांढरं ऊन... कुंकू पाण्यात कालवलेलं ताम्हन माझ्या हातात होतं, कारण मी सगळ्यांत उंच होते आणि सरांना वाकायचं नव्हतं. यंत्रांच्या पडद्यांना टिळे लागले, प्रिंटरला लागला. मग सरांनी किल्ली काढली, कपाट उघडलं, आणि फ्लॉप्या एकेक करून पाटावर मांडल्या, कागदी पाकिटातल्या पाकिटातच. मी ताम्हन पुढे केलं. सर थांबले.

“पाकिटाले कुंकू लावता काय? देवाले लावा, देवघराले नाही,” असं म्हणून त्यांनी कागदी पाकिटं काढून टाकली आणि कंपायलरच्या फ्लॉपीवर, त्या उघड्या खिडकीत, अंगठा दाबला.

चकतीला बोट लावायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मला ते आठवलं. मी तोंड उघडलंही होतं. पण सणाचा दिवस, सरांचा हात, समोर तेवणारी समई... मी ताम्हन धरून उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी माझा प्रोग्राम कंपाइल व्हायचा होता. फ्लॉपी आत गेली, ड्राइव्ह कण्हल्यासारखा आवाज करत फिरला, मग खरवडल्यासारखा, मग थांबला. सरांनी पुन्हा घातली. मग दुसऱ्या यंत्रात घातली, तेही बिघडलं. शेवटी ड्राइव्ह सोडवून रहीमचाचांकडे नेला. ते रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानात कायम सोल्डरचा गरम, राळेसारखा वास असे. ड्राइव्ह मीच पिशवीतून नेला होता, सर सायकल घेऊन बाजूला. चाचांनी काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला, आत फिरवला आणि बाहेर काढून उजेडात धरला. कापूस लालभडक.

“क्यों भई,” चाचा म्हणाले, “मशीनले पान कोणं चारलं?”

मी हसणार होते. तेवढ्यात सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “ताम्हन हिच्या हाती होतं.”

खोटं असं त्यात एक अक्षर नव्हतं. ताम्हन माझ्याच हाती होतं. मी म्हटलं, “सर, तुमी लावलं कुंकू.” त्यांनी फक्त चाचांकडे पाहून मान हलवली, ही आजकालची पोरं पाहा अशा अर्थी. त्याच संध्याकाळी ते आमच्या घरी आले. दारातच उभे राहिले, चप्पल काढली नाही. पोट्टीनं पाटावरच्या फ्लॉप्या खेळ समजून रंगवल्या, असं त्यांनी बाबांना सांगितलं. पुण्याला माणूस पाठवून आणलेली वस्तू होती, असंही सांगितलं. मी आतल्या खोलीत होते. बाबा आता मला हाक मारतील आणि विचारतील, म्हणून मी उत्तर जुळवून ठेवलं होतं: कोण कुठे उभं होतं, कोणी पाकीट काढलं, कोणता अंगठा... क्रमानं.

बाबांनी हाक मारली. “इकडं ये. सरायच्या पाया पड.”

“बाबा, मीनं नाही —”

“पाया पड म्हणतो ना मी!”

मी पडले. चपलेच्या अंगठ्याचा शिवलेला दोरा, टाचेची भेग, पायावरची राखाडी धूळ, सगळं जवळून पाहिलं. तू केलंस का, हे बाबांनी मला त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. अमरावतीच्या प्रदर्शनात आमच्या शाळेचं टेबल रिकामं राहिलं. यंत्र वर्षभर चादरीखाली होतं. मग एका सकाळी आईला पत्र्याच्या पेटीसाठी जागा हवी झाली आणि भंगारवाला ते घेऊन गेला. काटा लावून, किलोवर.

पुढचं थोडक्यात सांगते. मी शिकले, नोकरी लागली, लग्न होऊन अमरावतीला आले. एका तंत्रशिक्षणाच्या संस्थेत प्रयोगशाळेचं भांडार माझ्याकडे आहे: काय आलं, काय मोडलं, काय भंगारात निघालं याच्या नोंदी ठेवणं हेच काम. वीसेक वर्षांपूर्वी भंगारात काढायला एक जुनं यंत्र आलं. हिरव्या अक्षरांचं. बटण दाबलं आणि तोच तापलेल्या धुळीचा वास आला... मी ते भंगारात काढलं नाही. रीतसर अर्ज करून घरी आणलं आणि त्याच्यासाठी कंपायलर शोधू लागले.

आणि मिळाला. फुकट. तिसऱ्या दिवशी. कोण्या लांबच्या देशातल्या माणसानं स्वतः लिहून, कोणीही घ्या, कोणालाही द्या, असं स्पष्ट लिहून ठेवलेला. त्यानंतर दुसरा, मग आणखी. मोठाल्या कंपन्यांनी जुने झाले म्हणून मोकळे सोडलेले. विद्यार्थ्यांनी हौसेनं बांधलेले. दोन फ्लॉप्यांत मावणारे, एका फ्लॉपीत मावणारे. त्यांतला एक तर मी ताम्हन धरून उभी होते त्या दसऱ्याच्याही आधीपासून फुकट वाटला जात होता. ते वाचलं तेव्हा मी ऑफिसात बसून एकटीच हसले, आणि हसताना दात घट्ट मिटलेले होते हे मला नंतर जबडा दुखला तेव्हा कळलं. शिवाय सरांची ती पुण्याहून आणवलेली फ्लॉपी! तिच्या लेबलावर पेननं लिहिलेलं नाव मला आठवत होतं. पेननं. विकत घेतलेल्या वस्तूवर छापलेलं असतं. कुलपात ठेवली होती ती कोणाची तरी चोरून काढलेली नक्कल होती.

त्या दिवशी मी यादी सुरू केली. कोणतं यंत्र, किती मेमरी, किती ड्राइव्ह, कोणता कंपायलर, कुठे मिळेल, वापरायची परवानगी काय, आणि शेवटच्या रकान्यात: मी स्वतः चालवून पाहिला का. चालवून पाहिल्याशिवाय मी एकही नोंद केली नाही. पास्कल, सी, फोरट्रान, कोबॉल या भाषांचे कंपायलर. त्यांच्या जोडीला लागणारे छोटे प्रोग्राम: ओळी लिहायचे, जोडणी करणारे, चुका शोधणारे. सगळं मराठीत लिहून इंटरनेटवर उघडं ठेवलं. नांदगाव खंडेश्वरच्या एका शिक्षकानं शाळेच्या अडगळीतली तीन यंत्रं त्यावरून जिवंत केली आणि मुलांच्या हाती दिली. त्यानं मला पत्रात लिहिलं, ताई, केवढं पुण्याचं काम करून राहिल्या. मी त्याला उत्तर लिहिलं नाही. पुण्य वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. प्रत्येक नोंद पूर्ण झाली की मी मनात त्या काचेच्या कपाटावर एक दगड मारत असे, आणि काच फुटल्याचा आवाज मला खरोखर ऐकू येई.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. यादीखाली माझं सासरचं नाव आणि नंबर आहे, त्यामुळे त्यांना मी कळायचं कारण नव्हतं. मला मात्र आवाज दुसऱ्या शब्दाला कळला.

“मॅडम, अकोल्याहून बोलतो. माह्याजवळ एक जुनं यंत्र हाये, दोन ड्राइव्हचं. माह्या विद्यार्थ्यायनं मेळावा ठेवला. अकोल्यातला पहिला वर्ग माहा होता ना! तं यंत्र चालवून दाखवायचं हाये. तुमच्या यादीतलं ते उतरवून फ्लॉपीवर टाकणं मले जमत नाही. तुमी तयार करून पाठवसान का?”

“पण सर, तुमच्याकडे असेल ना तेव्हाचा?”

“होता! लय नामी होता. पण काय सांगू मॅडम...” आणि ते हसायला लागले, तयारीनं, पुष्कळदा सांगून घोटलेली गंमत सांगताना माणूस हसतो तसे. “एक पोट्टी होती आमच्या वर्गात. जिनिंगवाल्याची. दसऱ्याले तिनं कंपायलरलेच कुंकू लावलं! मी आजबी सांगतो तं लोक पोट धरून हासतात. मेळाव्यातबी सांगणार हाये.”

इतकी वर्षं. इतकी वर्षं हा माणूस माझ्यावर लोकांना हसवत होता.

“सर,” मी म्हटलं, “ती पोट्टी मीच.”

पलीकडे कोणी तरी टीव्हीचा आवाज कमी केला.

“असं... असं का,” ते म्हणाले. “मोठी झाली तू. बरं वाटलं. जुनी गोष्ट झाली आता, बाई.”

“कोणं लावलं होतं सर कुंकू?”

“आता एवढ्या वर्षानं कोणाले याद राह्यते?”

“आत्ताच तर सांगितलं तुम्ही. पोट धरून हसण्याइतकं याद आहे.”

“माह्या हातून लागलं असंन.”

“असंन नाही.”

त्यांचा श्वास ऐकू येत होता. म्हातारा, घरघरता. मला दया आली का, हे मी प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. आली नव्हती.

“लावलं,” ते म्हणाले. “मीनंच लावलं. झालं? आता पाठव.”

“मला सांगून काय उपयोग, सर? मला माहीतच आहे. जठारपेठेत, त्याच घरी माझी आई राहते. ज्या दारात उभं राहून तुम्ही बोललात, तिथे जाऊन तिला सांगा. तिचा फोन आला की फ्लॉप्या कुरिअरनं निघतील.”

“अवं, अठ्ठ्याहत्तर वय माहं. दोन गल्ल्या चालणं होत नाही.”

“रिक्षा करा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

फ्लॉप्या मी त्याच दिवशी तयार केल्या. एक विचार मनात येऊन गेला, लपवत नाही: सुरू होईल, अर्ध्यावर जाईल आणि भर मेळाव्यात बंद पडेल असं काही तरी पाठवावं. कसं करायचं तेही मला येत होतं. पण चालवून न पाहिलेली वस्तू माझ्या हातून बाहेर जात नाही. ही सवय मी त्यांच्यासाठी मोडणार नव्हते. दोन्ही फ्लॉप्या यंत्रात घालून तीनदा तपासल्या, पुठ्ठ्यात बांधल्या, टेबलावर ठेवल्या. आठ दिवस त्या तशाच पडून होत्या. येता-जाता मी त्यांच्याकडे पाही. न का येईना तो, असंही वाटे; मग या अशाच राहतील, आणि मेळाव्यात तो बंद यंत्रापुढे उभा राहील...

नवव्या दिवशी सकाळी मी डबा भरत असताना आईचा फोन आला.

“आलते तुये सर.”

मी पोळीचा चिमटा खाली ठेवला. “काय बोलले?”

“दारातच उभे होते. काठी घेऊन. मी म्हटलं, या, बसा. बसले. म्हणे, बाई, ते कुंकू मीनं लावलं होतं, तुमच्या पोरीनं नाही. मी म्हटलं, बरं.”

“मग?”

“मंग काय. बसून राह्यले. पंख्याकडं पाहे, सैपाकघराकडं पाहे. मी बसून राह्यली समोर. अर्धा घंटा झाला असंन.” आईनं आवाज हळू केला. “मी चहा देल्ला नाही.”

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. माझी आई वीजमीटर पाहायला येणाऱ्याला चहा देते. पत्ता चुकून दार वाजवणाऱ्याला देते. भंगारवाल्यालाही तिनं दिला होता. ऐंशीला टेकलेल्या त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस अर्धा तास समोर बसवून कोरडा परत पाठवला होता, आणि तेही त्याला पुरतं कळेपर्यंत बसवून. मला हसू फुटलं. तिकडे तीही हसायला लागली, दात नसलेल्या तोंडानं, धाप लागेपर्यंत. कितीतरी वर्षांत आम्ही दोघी तशा हसलो नव्हतो. हसता हसताच मी पुठ्ठ्यावर त्यांचा पत्ता लिहायला घेतला. शब्द दिला होता.

“बाबांनी ऐकायला पाहिजे होतं गं,” मी म्हटलं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. “त्यांना कळायला पाहिजे होतं, मी नव्हतं केलं ते.”

कुकरची एक शिट्टी झाली. तिच्याकडे की माझ्याकडे, कळलं नाही.

“तुये बाबा असते ना,” ती म्हणाली, “तं हे ऐकूनबी त्याईनं सोता उठून चहा मांडला असता.”

हातात पेन तसंच होतं, पिनकोडचे दोन आकडे लिहायचे राहिले होते.

“फोनवर हायेस का तू?” आईनं विचारलं.

“हाये,” मी म्हटलं.